ऑडीवरचं भाषण

सुवर्णा मला काहीतरी म्हणाली आणि मी "हो" म्हणालो. कशाला हो म्हणालो, ते मला दुसऱ्या दिवशी फ्रिजनं सांगितलं. दूध काढायला गेलो तर दारावर मॅग्नेटखाली विमानाच्या तिकिटाचा कागद. डेट्रॉइट ते सिअ‍ॅटल, प्रवासी एक, परतीचं तिकीट नाही.

"हे काय?" मी कागदाकडे बोट दाखवून विचारलं.

सुवर्णा पोळ्या लाटत होती. ती पूर्ण वळली, तोंड माझ्यासमोर आणलं आणि मोठ्यानं म्हणाली, "चारुताकडे जातेय. बॉथेलला. काल विचारलं तुम्हाला. तुम्ही हो म्हणालात."

"किती दिवस?"

"बघू," ती म्हणाली आणि तव्याकडे वळून पुढेही काहीतरी बोलली. तव्याला ऐकू गेलं असेल.

आमचं भांडण झालेलं नव्हतं. भांडायचं तर दोन्ही बाजूंना ऐकू यावं लागतं. गेली काही वर्षं आमच्या घरात सुवर्णा बोलायची आणि मी "हो" म्हणायचो. हा फार सोयीचा शब्द आहे. बहुतेक ठिकाणी चालून जातो, आणि नाहीच चालला तर पाठोपाठ "हो का, छान" म्हणावं. गेल्या वर्षी तिनं मला साताऱ्याची नंदामावशी गेल्याचं सांगितलं, तेव्हा मी "हो का, छान" म्हणालो. त्यानंतर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, असं मला चारुतानं फोनवर सांगितलं. माझ्या काही लक्षात आलं नव्हतं.

चारुता म्हणजे आमची मुलगी. तिनं तर व्हिडिओ कॉलवर स्पष्टच सांगितलं होतं. "बाबा, आई तिथे भिंतींशी बोलते, यू नो दॅट? प्लीज कान चेक करून घ्या. नाहीतर ती इथे येईल आणि परत येणार नाही. आय अ‍ॅम सीरियस."

"माझ्या कानांना काही झालेलं नाही," मी म्हणालो. "तुमचं नेटवर्क खराब आहे."

आता यातली गोम सांगतो. मी प्रताप निजसुरे, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात राहणारा निवृत्त इंजिनियर, जन्मभर कानांवर पोट भरलेला माणूस आहे. गाडीतले आवाज शोधून काढणं हे माझं काम होतं. नवीन मॉडेल तयार झालं की त्यात कुठेतरी काहीतरी कुरकुरतं, खडखडतं, घुमतं. ते नेमकं कुठून येतं हे यंत्रांनाही चटकन सापडत नाही. मग मला बोलवायचे. मी मागच्या सीटवर आडवा पडून, कधी डिकीत स्वतःला कोंडून घेऊन, टेस्ट ट्रॅकवर फिरायचो आणि बाहेर येऊन सांगायचो, डाव्या मागच्या दाराची तिसरी क्लिप. क्लिप बदलली की गाडी गप्प. माझ्या कानांबद्दल ऑफिसात दंतकथा होत्या. त्यातल्या निम्म्या मीच पसरवल्या होत्या.

अशा माणसानं कानात मशीन घालायचं? पोहायला शिकवणाऱ्या मास्तरानं कमरेला डबा बांधण्यापैकी होतं ते. शिवाय मला खात्री होती की दोष माझ्यात नाही. मी निवृत्त झालो आणि नेमकं त्याच सुमाराला सगळं जग पुटपुटायला लागलं. टीव्हीवरचे लोक पुटपुटायचे. दुकानातली मुलं पुटपुटायची. डॉक्टर तर मास्क लावल्यापासून जे पुटपुटायला लागले ते मास्क काढल्यावरही थांबले नाहीत. एका माणसाला ऐकू येत नाही, यापेक्षा अख्ख्या अमेरिकेचे उच्चार बिघडले हे मला जास्त पटत होतं.

तिकीट फ्रिजवर आलं त्याच आठवड्यात अनयाचा फोन आला. अनया आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी. पुण्याची, आयटीतली, आणि बोलणं असं की एका श्वासात तीन वाक्यं. मला तिचं बोलणं असं ऐकू आलं: "काका... सिनियर्स मीट... ऑडी... लाइफ... काम... सुरुवातीला बोलाल?"

मी क्षणभर विचार केला. ऑडी, लाइफ आणि काम. म्हणजे ऑडी गाडी ज्यानं सुरू केली, त्याचं जीवन आणि कार्य. गाड्यांमध्ये जन्म घालवलेल्या माणसाला मंडळ याशिवाय दुसरं काय विचारणार? खरं तर उशीरच झाला होता. आजवर त्यांनी मला फक्त पार्किंग सांभाळायला बोलावलं होतं.

"हो," मी म्हणालो.

त्याच दिवशी लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि बेसमेंटमध्ये बसलो. सुवर्णा दोनदा खाली येऊन काहीतरी सांगून गेली. मी दोन्ही वेळा हो म्हणालो. तिसऱ्यांदा ती आली, माझ्या टेबलावरची जुन्या गाड्यांची चित्रं बघितली, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि वर निघून गेली. मला वाटलं, प्रभावित झाली.

मनात माझा एक बेत होता, तो सांगून टाकतो. मला वाटत होतं, हे भाषण असं झकास करायचं की सुवर्णाला आपला नवरा पुन्हा नव्यानं दिसला पाहिजे. हॉलमध्ये टाळ्या पडतील, ती दुसऱ्या रांगेत बसलेली असेल, आणि घरी आल्यावर फ्रिजवरचा कागद आपोआप खाली येईल. ती मला कंटाळून चालली आहे एवढं मला कळलं होतं. का कंटाळली, ते सोडून मी बाकी सगळ्यावर उपाय शोधत होतो.

तर तो माणूस. ऑगस्ट हॉर्च. मोझेल नदीकाठच्या विनिंगेन नावाच्या गावात लोहाराच्या घरी जन्मला. स्वतःही आधी घण मारायला शिकला, कामाच्या शोधात देशोदेशी भटकला, मग इंजिनियरिंगच्या शाळेत गेला. लहानपणापासून ऐरणीजवळ वाढलेल्या या माणसाचे कान म्हातारपणी कसे होते, याबद्दल मला कुठे काही सापडलं नाही. मी ते फार शोधलंही नाही.

पुढे तो मानहाइमला कार्ल बेन्झच्या कारखान्यात लागला आणि गाड्या बनवण्याच्या विभागाचा प्रमुख झाला. तिथे त्याला नव्या नव्या कल्पना सुचायच्या, आणि बेन्झसाहेब सावध. हे वाचताना मी मान डोलावत होतो. मलाही ऑफिसात कल्पना सुचायच्या आणि साहेब सावध असायचे. फरक इतकाच की हॉर्चनं नोकरी सोडून स्वतःचा कारखाना काढला आणि मी कॅफेटेरियात जाऊन कॉफी घेतली.

कारखान्याला त्यानं स्वतःचं नाव दिलं. कोलोनला सुरू केला, शेवटी झ्विकाउ गावात स्थिरावला, गाड्या उत्तम निघाल्या. आणि मग संचालकांशी इतकं बिनसलं की दहा वर्षांच्या आत त्याला आपल्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडावं लागलं. गडी हटला नाही. त्याच गावात दुसरी कंपनी काढली, तिलाही हॉर्च नाव दिलं. जुनी कंपनी कोर्टात गेली, आणि कोर्टानं सांगितलं की बाबा, हे नाव आता तुझं नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो. मला त्याचं फार वाईट वाटलं. माणूस जिवंत आहे, उभा आहे आणि आपल्याच नावानं गाडी विकू शकत नाही. लगेच मी त्यात स्वतःलाही बसवलं, कारण स्वतःला न बसवता दुसऱ्याबद्दल वाईट वाटून घ्यायची मला सवय नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर मला एक केक आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं, आणि केकवर माझं नाव 'प्रटॅप' असं लिहिलं होतं.

पण खरी मजा पुढे होती. नव्या कंपनीला नाव शोधायला मंडळी एका मित्राच्या घरी जमली. मित्राचा मुलगा शेजारी लॅटिनचा अभ्यास करत होता. तो म्हणाला की हॉर्चऐवजी ऑडी म्हणा ना. कारण जर्मनमध्ये 'हॉर्च' म्हणजे 'ऐक', आणि लॅटिनमध्ये 'ऐक' म्हणजे 'ऑडी'. झालं, नाव ठरलं.

हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलो. माझ्या भाषणाचा शेवट मला मिळाला होता. सुवर्णानं आजवर मला कधी नावानं हाक मारलेली नाही. आमच्या वेळच्या बायका मारत नसत. अमेरिकेत आल्यावर शेजारणी आपापल्या नवऱ्यांना बॉब, जिम म्हणायच्या, पण ही किराणा दुकानाच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडायची, "अहो, ऐकलंत का?" गोऱ्या लोकांना वाटायचं, 'अहो' हेच माझं नाव. एका शेजाऱ्यानं मला ख्रिसमसला कार्ड दिलं होतं, 'डियर आहो'. म्हणजे सभ्य स्त्रीपुरुषहो, जगात सगळ्यात जास्त ऑड्या कुठे असतील तर त्या महाराष्ट्रात! हा विनोद मी बेसमेंटमध्ये आरशासमोर इतक्यांदा म्हटला की शेवटी मलाच तो जुना वाटायला लागला.

मेळावा शनिवारी दुपारी मंदिराच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होता. बाहेर मेपलची पानं पडून पार्किंगच्या रेषा झाकल्या गेल्या होत्या, त्यामुळे निवृत्त इंजिनियर मंडळींनी आपापल्या समजुतीप्रमाणे गाड्या लावल्या होत्या. आत बटाटेवड्यांचा वास. स्टेजवर मोठा फलक: 'ऐका हो ऐका!'

मी थक्क झालो. हॉर्चच्या नावाचा अर्थ अनयानं आधीच शोधून फलकावर लावला होता. नव्या पिढीबद्दलचं माझं मत तिथल्या तिथे सुधारलं. फलकाखाली एका टेबलाशी तीस-बत्तीसची एक मुलगी छोट्या छोट्या डब्या मांडत होती. मला वाटलं, माइकवाली.

दुसऱ्या रांगेत सुवर्णा बसली. तिच्या शेजारी गुरुनाथ, माझा जुना मित्र, रिटायर्ड भूलतज्ज्ञ. त्यानं मला हात केला आणि काहीतरी म्हणाला. मी "हो, हो" म्हणालो.

भाषण झालं, आणि काय झालं! मी लोहाराच्या ऐरणीपासून सुरुवात केली. कोर्टाच्या निकालाशी आलो तेव्हा बायका चुकचुकल्या. हे मला दिसलं, ऐकू आलं नाही. 'ऑडी म्हणजे ऐक' हे सांगितलं तर लोक फलकाकडे बघून हसायला लागले. आणि शेवटी 'अहो, ऐकलंत का' म्हणताच हॉल असा हसला की मलासुद्धा ऐकू गेलं. टाळ्या पडल्या. मी सुवर्णाकडे बघितलं. ती हसत नव्हती. ती मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होती.

अनयानं माझ्या हातून माइक घेतला आणि माझ्या शेजारी उभं राहून त्यातच बोलली, म्हणून शब्द न् शब्द कळला. "काका, कसला भारी इन्ट्रो! ऑडिओ सेशनला डायरेक्ट ऑडीची स्टोरी! कसं सुचतं यार तुम्हाला! तर मंडळी, आता आपल्या ऑडिऑलॉजिस्ट नेत्रा आपल्याला हिअरिंग लॉसबद्दल सांगतील, आणि ज्यांना हवं त्यांची इथेच टेस्ट करतील."

ऑडिओ.

मी स्टेजवर उभा होतो. एकेक करून सगळं जागेवर बसत गेलं. ऑडिओवर सेशन आहे, काका. तुम्ही लाइफभर आवाजावर काम केलंत. सुरुवातीला दोन शब्द बोलाल? बिचारीनं दोन शब्द मागितले होते. मी तिला लोहारापासून कोर्टापर्यंत सगळं ऐकवलं होतं. आणि सुवर्णा बेसमेंटमध्ये तीनदा आली होती ती हेच सांगायला.

हॉलमध्ये दोनशे लोक. त्यातल्या फक्त एका बाईला माहीत होतं की हा माणूस हुशार नाही, बहिरा आहे. बाकी सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. अशा वेळी शहाणा माणूस खाली उतरून वडा खातो.

"सुचतं," मी म्हणालो.

नेत्रा इथेच वाढलेली मुलगी. मराठी गोड, पण शब्द अमेरिकेतून फिरून आलेले. तिनं कानाच्या आतल्या नसांचं चित्र दाखवलं, मग विचारलं, डेमोला कोण येणार? कुणी हललं नाही. म्हातारे लोक कान तपासायला घाबरतात, नको ते निदान ऐकावं लागेल म्हणून. मी मात्र टाळ्यांच्या नशेत होतो. इतकं निभावलं होतं, आणखी थोडं निभावेल असं वाटलं.

"मी येतो," मी म्हणालो. पुन्हा टाळ्या.

नेत्रानं मला खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसवलं. "काका, तुम्ही लिप्स वाचता. खूप लोक करतात, त्यांना माहीतपण नसतं. आता मी मागून वर्ड्स बोलणार, तुम्ही रिपीट करा, ओके?"

हे मला माहीत नव्हतं. भिंतीला ओठ नसतात हेही मला त्या दिवसापर्यंत जाणवलं नव्हतं. ती मागून काही शब्द बोलली. मी धीरानं उत्तरं दिली. माझं 'बेसमेंट' हे तिचं 'बेसबॉल' होतं आणि माझं 'पॉटहोल' हे तिचं 'टूथब्रश' होतं, असं नंतर कळलं. लोक हसले. मी हात वर करून मुजरा केला.

"काकू, तुम्ही या," नेत्रा म्हणाली असावी. "तुमचा व्हॉइस काकांना फॅमिलियर आहे. मराठी वर्ड्स बोला. नॉर्मल आवाजात, घरी बोलता तसं."

सुवर्णा माझ्यामागे येऊन बसली. मला तिच्या साबणाचा वास आला. ती म्हणाली "ताक", मी म्हणालो "नाक". ती म्हणाली "पोळी", मी म्हणालो "होळी". ती म्हणाली "साखर", मी म्हणालो "घागर". लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होते आणि मी त्यांना आणखी हसवत होतो, होळीला घागर आणा म्हणत होतो. गाड्यांचे आवाज शोधणारा माणूस भिंतीकडे तोंड करून विदूषकी करत होता आणि त्याला मजा येत होती.

मग ती थांबली. थांबलीच असणार, कारण लोकांचं हसणं ओसरलं आणि पुढचा शब्द आला नाही. मी वाट बघितली. मला वाटलं, काहीतरी हललं हवेत. शब्द नव्हता, शब्दाच्या मागची गुणगुण होती, आणि तिच्या शेवटी सूर वर गेल्यासारखा वाटला. प्रश्न असावा. प्रश्नाला माझं उत्तर तयारच असतं.

"हो," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. मी मागे वळलो. पहिल्या रांगेतली माणसं जमिनीकडे बघत होती. गुरुनाथ चष्मा पुसत होता. नेत्राचा हात तोंडावर होता. सुवर्णा उठून आपल्या जागेवर जात होती, आणि ती बसली होती तिथे टेबलावर माइक होता, लाल दिवा लागलेला. तो ती विसरली होती.

"काय? काय विचारलं?" मी म्हणालो.

नेत्रानं आपलं काम केलं. डबीतून दोन मशीन काढून माझ्या कानांमागे बसवली, फोनवर काहीतरी फिरवलं, आणि एकदम हॉल माझ्यावर येऊन पडला. खुर्च्या सरकल्या, चमचे वाजले, मागे कुणाचं तरी मूल इंग्रजीत वडा मागत होतं. माझा स्वतःचा श्वास मला ऐकू येत होता.

"काकू," नेत्रा हळूच म्हणाली, "सेम गोष्ट परत म्हणाल?"

"नको," सुवर्णा म्हणाली. दुसऱ्या रांगेतून, मान वर न करता. "ते एकदाच विचारायचं होतं."

आणि मला तो आवाज ऐकू आला. मोठ्यानं बोललेला नव्हता. गेली कित्येक वर्षं मी तिचा फक्त ओरडण्याचा आवाज ऐकत होतो, कारण तोच पोचत होता. मला वाटायला लागलं होतं की ही बाई म्हातारपणी तापट झाली. हा खालचा आवाज मी विसरूनच गेलो होतो. लग्न ठरवायला गेलो होतो तेव्हा याच आवाजात तिनं मला विचारलं होतं की तिकडे थंडी फार असते का.

चहाच्या रांगेत मी गुरुनाथला गाठलं. "काय विचारलं तिनं?"

"सोड ना, प्रताप."

"गुरुनाथ, सांग."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "तिनं विचारलं, मी परत आलेच नाही तर चालेल का तुम्हाला? आणि तू हो म्हणालास." मग त्यानं कानावरचे केस बाजूला केले. त्याच्याही कानात मशीन होतं. "तीन वर्षं झाली. तुला आल्या आल्या तेच सांगत होतो."

मी वडा न खाता बाहेर आलो. मला रडू येत होतं आणि मशीन ओलं झालेलं चालतं का हे माहीत नव्हतं. नेत्रानं ती दोन आठवडे वापरून बघायला दिली होती.

घरी जाताना मी गाडी चालवत होतो. सुवर्णा खिडकीबाहेर बघत होती. गाडी हायवेला लागली आणि समोरून, काचेच्या खालून, खडखड सुरू झाली. बारीक, एकसारखी. मला शरमेनं कसंतरी झालं. दुसऱ्यांच्या गाड्यांमधली क्लिप न् क्लिप गप्प करणारा मी, आणि माझीच गाडी अशी बोलत होती.

"हा आवाज कधीपासून आहे?" मी विचारलं.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "सांगितलं होतं."

आवाज कुठून येतोय ते मला एका मिनिटात कळलं. एसीच्या जाळीमागची क्लिप. सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. तिला क्लिप नको होती.

"अहो," ती म्हणाली. त्याच खालच्या आवाजात. मी रस्त्याकडे बघत होतो, तिच्या तोंडाकडे नाही. "अहो, ऐकलंत का?"

"ऐकलं."

"मग मी जाऊ ना गुरुवारी?"

'हो' जिभेवर आलाच होता. जुनी सवय ती, ब्रेक न लावता सुटते. मी तो गिळला.

"नाही," मी म्हणालो.

चाकांचा आवाज येत होता, क्लिप खडखडत होती, आणि तिच्या बांगड्यांचा एक आवाज आला, डोळे पुसताना येतो तसा.

"बघा," ती म्हणाली. "आता ऐकायला लागलात तर वादही घालणार."

"घालणार."

"आणि एक्झिट आली आपली."

"ऐकलं," मी म्हणालो. आणि मग, कारण आज नाही विचारलं तर पुन्हा धीर होणार नव्हता, विचारलं, "नंदामावशी कशी गेली गं?"

ती माझ्याकडे वळली. मोठ्यानं बोलायला नाही, तोंड दाखवायलाही नाही. नुसतीच वळली. मग सांगायला लागली. आधी मावशीच्या पायाचं दुखणं, मग साताऱ्याचा दवाखाना, मग मावशी शेवटच्या फोनवर काय म्हणाली ते. घराकडे वळायची एक्झिट मागे गेली. तिच्यानंतरची आली, तीही मी जाऊ दिली. ती अजून बोलत होती.